ऑस्ट्रेलियातले रानकुत्रे: सरकारी अनुदान नेमकं कशासाठी असतं?

‘रानकुत्रा’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ताडोबा-मेळघाटातला तांबूस कोळसिंदा उभा राहतो. ऑस्ट्रेलियात ज्याला ‘वाइल्ड डॉग’ म्हणतात तो हा नव्हे. कोळसिंद्याची जातच वेगळी, आणि आपल्याकडे त्याला कायद्याचं संरक्षण आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या एका शब्दात तीन जनावरं कोंबलेली आहेत. एक डिंगो, जो ३ हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांबरोबर समुद्र ओलांडून तिथे पोचला. दुसरी, युरोपीय वसाहतीनंतर आलेली आणि पुढे सुटून रानटी झालेली पाळीव कुत्री. आणि तिसरी या दोघांची मिश्र संतती. सरकारी कागदांत तिघांना मिळून एकच नाव चालतं. ते सोयीचं आहे, पण या विषयावरच्या निम्म्या भांडणाचं मूळही तेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी नुकसान समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचा खर्च पटत नाही. मेंढी पळते आणि कुत्रा तिला मागून धरतो. त्यामुळे जखमा बहुतेक मांडीवर, शेपटीच्या मुळाशी, कुशीत असतात. लोकर दाट असल्यामुळे लांबून मेंढी धडधाकट दिसते. लोकर हाताने बाजूला केली की खाली दातांची भोकं आणि सुटलेलं कातडं सापडतं. उन्हाळ्यात त्या जखमेत बघता बघता अळ्या पडतात. कुत्रा जेवढ्या मेंढ्या खातो त्याच्या कितीतरी पट नुसत्या फाडून टाकतो, कारण पळणारा कळप समोर असेपर्यंत त्याची पाठलागाची ओढ थांबत नाही. शिवाय कळप बिथरला की आई आणि कोकरू यांची ताटातूट होते. थंडीच्या रात्री दूध न मिळालेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं आणि अंगावर दाताची एकही खूण नसते. असं कोकरू कुत्र्याच्या खात्यावर कधीच चढत नाही.

मोठं जनावर सहसा जिवानिशी जात नाही. वासरांचे कान आणि शेपट्या तुटतात, चावे लागतात. मात्र कुत्र्यांच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी पसरतो आणि त्याने गाई गाभडतात. हायडॅटिड या फीतकृमीमुळे यकृतात गाठी होतात आणि कत्तलखान्यात ते यकृत फेकून द्यावं लागतं. गुरं पाळणारा हे नुकसान डोळ्यांनी पाहत नाही, म्हणून ‘मला कुत्र्यांचा त्रास नाही’ असं तो मनापासून म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळी योजना इथेच अडते.

एकट्याचं काम का नाही

एका कुत्र्याचा किंवा टोळीचा वावर कित्येक चौरस किलोमीटरांचा असतो. कोरड्या भागात तो शंभराच्याही पुढे जातो. कुत्री दिवसा सरकारी जंगलात किंवा राष्ट्रीय उद्यानात असतात, रात्री मेंढ्यांच्या कुरणात येतात आणि उजाडायच्या आत परततात. एखाद्याने आपली जमीन कष्टाने साफ केली, तर त्याने शेजारच्या तरुण कुत्र्यांसाठी मोकळी जागा करून दिलेली असते. कळपातून बाहेर पडलेली वर्षा-दीड वर्षाची कुत्री अशीच जागा शोधत हिंडत असतात.

न्यू साउथ वेल्सच्या ईशान्येकडच्या डोंगराळ भागात कॉलर लावलेल्या कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. हेलिकॉप्टरने किलोमीटरला १० विषारी आमिषं टाकली तेव्हा सुमारे ५५ टक्के कुत्री मेली, ४० टाकली तेव्हा सुमारे ९१ टक्के. आता साधा हिशेब करू. एका डोंगरात २० कुत्री आहेत असं धरा. पहिल्या दराने ११ मेली, ९ उरली. त्यातल्या ३ माद्या व्यायल्या आणि प्रत्येकीला ५ पिल्लं झाली, तर १५ नवी. काही दगावली तरी वर्षाअखेर आकडा जिथल्या तिथे. दुसऱ्या दराने उरतात २. डिंगो वर्षातून एकदाच वितो, त्यामुळे तिथून संख्या भरून यायला बराच काळ लागतो. अर्धवट मोहीम म्हणजे अर्धा फायदा असं गणित इथे नाही. ठरावीक पातळीच्या खाली मोहीम झाली तर फायदा जवळजवळ शून्य असतो. आणि एका कुरणात ९० टक्के, शेजारी काहीच नाही, असं झालं तर डोंगराचा आकडा पुन्हा त्या खालच्या पातळीवरच येतो.

या अडचणीवरचा तोडगा सरकारी कार्यालयात निघाला नाही. कॅनबेराच्या पश्चिमेला ब्रिंडाबेला आणि वी जॅस्पर हा भाग आहे. एका बाजूला मेंढ्यांची कुरणं, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यान आणि पाइनची सरकारी लागवड. वर्षानुवर्षं शेतकरी उद्यानाला दोष देत आणि उद्यानवाले शेतकऱ्यांना. २००० च्या सुमारास त्यांनी एकत्र बसून मालकीच्या रेषा नसलेला नकाशा टेबलावर पसरला. कुत्री कुठून येतात, कुठल्या धारेवरून चालतात, हल्ले कुठे झाले, एवढंच त्यावर मांडलं. उपाय कुठे करायचा ते आधी ठरवलं आणि जमीन कोणाची हे नंतर पाहिलं. ‘निल टेन्युअर’ म्हणतात ती पद्धत हीच. आज ऑस्ट्रेलियातल्या जवळपास प्रत्येक गट-आराखड्याचा पाया हा आहे, आणि आमच्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं तंत्रही हेच. त्याला विष लागत नाही, जाळी लागत नाही. लागतो तो सगळ्यांना एका टेबलाशी आणून बसवणारा माणूस.

पैसा येतो कुठून

आपल्याकडे वाघ-बिबट्याने जनावर मारलं की वनखातं पंचनामा करून भरपाई देतं. ऑस्ट्रेलियात रानकुत्र्याने मारलेल्या मेंढीचे पैसे सहसा मिळत नाहीत. सरकारी पैसा मेल्या जनावरापाठी जात नाही, पुढचं मरू नये म्हणून खर्च होतो. तो एका खिशातून येत नाही.

वर आहे केंद्र सरकार. २०१५ च्या शेतीविषयक श्वेतपत्रिकेत उपद्रवी प्राणी आणि तणांसाठी ४ वर्षांत ५ कोटी डॉलर ठेवले गेले होते. हा पैसा राज्यांमार्फत शेतकऱ्यांच्या गटांपर्यंत उतरतो. राष्ट्रीय रानकुत्रा कृती आराखडा पहिल्यांदा २०१४ मध्ये आला, सध्याचा २०२० ते २०३० असा आहे. तो स्वतः फारसा पैसा वाटत नाही, पण कोणत्या कामाला अनुदान मागता येईल याची चौकट त्याने घालून दिली आहे. अर्ज लिहिताना त्याची भाषा वापरलेली बरी.

मग राज्यं, आणि इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. न्यू साउथ वेल्समध्ये लोकल लँड सर्व्हिसेस ही २०१४ पासूनची संस्था जमीनधारकांकडून वार्षिक कर घेते आणि त्यातून तिचे अधिकारी आमिषं तयार करून देतात, गट बांधतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त जैवसुरक्षा गट आहेत. त्या भागातल्या जमिनीवर एक खास कर बसतो आणि जेवढा कर गोळा होतो तेवढेच पैसे राज्य सरकार घालतं, डॉलरला डॉलर. साउथ ऑस्ट्रेलियात कुत्रा-कुंपणासाठी १९४६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथेही शेतकऱ्यांच्या कराला सरकारची जोड मिळते. व्हिक्टोरियात सापळे लावणारी माणसंच सरकारी नोकरीत असतात.

तिसरा खिसा उद्योगाचा. लोकर विकली की एकूण विक्री किमतीच्या १.५ टक्के लेव्ही, म्हणजे उद्योगासाठीची सक्तीची वर्गणी, कापली जाते, गुरं विकली की डोक्यामागे ५ डॉलर. लोकरीच्या लेव्हीतला काही भाग ऑस्ट्रेलियन वूल इनोव्हेशन या लोकर-उद्योगाच्या संस्थेमार्फत गटांच्या संयोजकांवर खर्च होतो. चौथा खिसा शेतकऱ्याचा स्वतःचा: त्याचे दिवस, त्याची गाडी, त्याचं डिझेल. अर्जात हा श्रमाचा वाटा तासांत आणि डॉलरांत मांडावा लागतो. तो कमी धरून चालत नाही, कारण बहुतेक योजनांत अर्जदाराचा हिस्सा किती यावरच अर्ज वर-खाली होतो.

आणि एक आडवाटेची मदत अनेकांच्या लक्षातच येत नाही. १२ मे २०१५ नंतर घातलेल्या कुंपणाचा सगळा खर्च शेतकऱ्याला त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. आधी तो अनेक वर्षांत विभागून दाखवावा लागे. चांगलं उत्पन्न झालेल्या वर्षी कुंपण घालणाऱ्याला ही सवलत लहानशा अनुदानाइतकीच पडते.

आमिषाचा आठवडा

सर्वाधिक वापरलं जाणारं विष म्हणजे सोडियम फ्लुओरोॲसिटेट, बोलीत ‘टेन-एटी’, लिहिताना १०८०. पेशींना अन्नातून ऊर्जा मिळवण्याची जी साखळी असते ती हे तोडतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही रानटी झुडपांत हेच रसायन निसर्गतः असतं, म्हणून तिथले अनेक देशी प्राणी ते बऱ्यापैकी पचवतात. कुत्रा मात्र त्याला फार हळवा. शरीराच्या किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम त्याला पुरतं, म्हणजे १६ ते २० किलोच्या कुत्र्याला २ मिलिग्रॅमच्या आत. तरी एका आमिषात ६ मिलिग्रॅम घालतात, कारण मांसात पडलेलं विष पहिल्या दिवसापासून कमी होत जातं. पावसात ते धुऊन जातं, मातीतले जिवाणू ते खातात. यावर उतारा नाही. पाळीव कुत्र्याने आमिष खाल्लं तर वाचवणं फार अवघड, हे गटातल्या प्रत्येक घराला तोंडाने सांगितलेलं असावं.

पद्धत अशी. आधी प्रशिक्षण आणि परवाना. मग आमिष टाकायच्या किमान ७२ तास आधी प्रत्येक शेजाऱ्याला सूचना. प्रत्येक फाटकावर तारखेसह पाटी, आणि ती मोहिमेनंतर साधारण महिनाभर राहते. ठरलेल्या दिवशी शेतकरी मांस घेऊन जमतात. हाडं-चरबी काढलेले, साधारण पाव किलोचे तुकडे. अधिकारी प्रत्येकात सुईने मोजून विष टोचतो आणि कोणाला किती दिले याची नोंद करतो. मांसाचा खटाटोप नको असेल तर कारखान्यातली तयार आमिषंही मिळतात. ‘डॉगॉन’ हे त्यातलं ओळखीचं नाव. ती टिकतात, पण ताज्या मांसाची चटक कुत्र्याला जास्त, असं जुने सापळेकार ठामपणे सांगतात.

जमिनीवर आमिष ठेवायचं ते कुत्र्याच्या वाटेवर: कच्चा रस्ता, डोंगराची धार, ओढ्याचा काठ, दोन वाटांचा मेळ. कुदळीने ८-१० सेंटिमीटरचा खड्डा, त्यात आमिष, वर सैल माती, बाजूला रंगीत फीत, आणि जागेची जीपीएस नोंद. पुरण्याचं कारण साधं आहे. कावळे आणि गरुड नजरेने शोधतात, कुत्रा नाकाने. उघडं ठेवलेलं आमिष बहुतेक वेळा भलत्याच्या तोंडी जातं. शेवटी प्रत्येक फितीपाशी परत जायचं, न खाल्लेलं आमिष उचलायचं आणि नियमाप्रमाणे खोल पुरून किंवा जाळून संपवायचं. हे उचलणं सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून सगळ्यात जास्त टाळलं जातं. आणि नेमक्या अशाच राहून गेलेल्या आमिषाने पुढच्या महिन्यात कोणाचा तरी मेंढ्या वळणारा कुत्रा मरतो. त्या घराने मग पुढच्या मोहिमेत भाग घेतला नाही तर त्याला दोष कसा द्यायचा?

मोहिमा वर्षातून दोनदा. तिथला शरद, म्हणजे एप्रिल-मे, हा समागमाचा काळ, कुत्री खूप हिंडतात. आणि वसंताच्या सुमारास, ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा पिल्लं बिळाबाहेर येऊ लागलेली असतात. दोन्हींत एकच पथ्य: सगळ्या गटाने एकाच आठवड्यात आमिष टाकायचं. एकाने पहिल्या तारखेला आणि शेजाऱ्याने वीस दिवसांनी टाकलं, तर कुत्र्यांना इकडून तिकडे सरकायला भरपूर वेळ मिळतो.

२०१६ पासून पीएपीपी हे दुसरं विषही बाजारात आहे. ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. मिथिलीन ब्लू हा त्याचा उतारा आहे, पण तो पशुवैद्याने वेळेत द्यावा लागतो, आणि वेळ तास-दोन तासांचाच असतो. वस्तीजवळच्या जमिनींवर ते सोयीचं. शेकडो किलोमीटरवर पशुवैद्य असलेल्या ठिकाणी उतारा असून नसल्यासारखा.

१०८० ने येणारं मरण सुखाचं नसतं. ते माणुसकीला धरून नाही असं आरएसपीसीए ऑस्ट्रेलिया ही प्राणिकल्याण संस्था स्पष्ट म्हणते, आणि या आक्षेपाला उडवून लावणं प्रामाणिकपणाचं नाही. मेंढीचे हालही खरे आणि कुत्र्याचेही खरे. म्हणूनच जे करायचं ते एकदा, नीट आणि पुरेसं करायला हवं, दरवर्षी अर्धवट नव्हे.

डॉगर

आमिषानंतर जी उरतात ती हुशार कुत्री असतात. काही आमिष हुंगून सोडून देतात. त्यांच्यासाठी सापळेकार लागतो, तिकडच्या बोलीत ‘डॉगर’. रबराच्या जबड्यांचा पायाला धरणारा सापळा, कुत्र्याच्या लघवीचा वास, आणि पाऊल नेमकं कुठे पडेल याचा अंदाज. हा अंदाज यायला वर्षं जातात. वर्षभराच्या अनुदानावर ठेवलेला सापळेकार कुत्र्यांच्या वाटा ओळखू लागतो तोवर करार संपतो. तो दुसरीकडे जातो आणि पुढचा माणूस शून्यापासून सुरुवात करतो. अनुदान किती यापेक्षा ते किती वर्षांचं आहे हे इथे जास्त महत्त्वाचं. तीन वर्षांचं छोटं अनुदान एका वर्षाच्या मोठ्या अनुदानाहून उजवं.

कुंपण

जगातलं सर्वांत लांब कुंपण ऑस्ट्रेलियातलं कुत्रा-कुंपण. क्वीन्सलंडच्या जिंबूरपासून साउथ ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत साडेपाच हजार किलोमीटरांहून जास्त. साउथ ऑस्ट्रेलियातल्या भागापैकी सुमारे १,६०० किलोमीटर शंभरी गाठलेलं होतं. उंटांनी पाडलेलं, वाळूत बुडलेलं. ते नवं करायला अडीच कोटी डॉलरची योजना झाली: केंद्राचे १ कोटी, राज्याचे १ कोटी, पशुपालन उद्योगाचे ५० लाख.

पण खरा शिकण्यासारखा प्रयोग क्वीन्सलंडमधला. १९९० च्या सुमारास तिथे दीड कोटीहून जास्त मेंढ्या होत्या, २०१५ च्या आसपास सुमारे २० लाख उरल्या. सगळा दोष कुत्र्यांचा नाही. १९९१ मध्ये लोकरीची आधारभूत किंमत कोसळली, वर दुष्काळ आले. मात्र नंतर भाव सुधारले तरी लोक मेंढ्यांकडे वळेनात, ते कुत्र्यांच्या भीतीने. तेव्हा पुढे आली ‘क्लस्टर’ कुंपणाची कल्पना: अनेक शेतांभोवती मिळून एकच कुंपण.

यातलं गणित शाळेतलं आहे. एक शेत २० हजार हेक्टरचं, चौरस धरलं तर बाजू सुमारे १४ किलोमीटर, परिघ ५६-५७. अशी चार शेतं वेगवेगळी कुंपली तर सुमारे २२६ किलोमीटर जाळी. चौघांनी मिळून एकच चौरस केला तर ११३. किलोमीटरला ८ हजार डॉलर धरले तर प्रत्येकाचा खर्च साडेचार लाखांवरून सव्वादोन लाखांवर येतो. क्वीन्सलंड सरकारने २०१५ पासून किलोमीटरमागे खर्चाचा काही भाग द्यायला सुरुवात केली, तो अशा गटांना. लाँगरीचच्या प्रादेशिक परिषदेने वेगळा मार्ग काढला. परिषदेने राज्याच्या तिजोरी महामंडळाकडून कर्ज घेतलं, शेतकऱ्यांना कुंपण घालून दिलं, आणि परतफेड २० वर्षांच्या खास करातून. हा कर जमिनीला चिकटलेला, माणसाला नाही. शेत विकलं तर नवा मालक भरतो. एकदम रोकड नसलेल्या शेतकऱ्यासाठी ही रचना अनुदानापेक्षाही उपयोगी ठरू शकते.

कुंपणाजवळ उभं राहून पाहिलं तर कळतं की उंची ही दुय्यम गोष्ट आहे. जाळी दीड ते पावणेदोन मीटर, वर काटेरी तार. पण कुत्रा उडी मारण्याआधी उकरतो. म्हणून जाळीचा खालचा सुमारे ३० सेंटिमीटर पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरलेला असतो, परकराच्या घेरासारखा. कुत्रा जाळीच्या पायथ्याशी येऊन उकरू लागतो तेव्हा तो स्वतःच या पट्ट्यावर उभा असतो आणि नखं तारेवर घासतात. दोन पावलं मागे जाऊन उकरावं हे त्याला सुचत नाही. गवत या पट्ट्यातून उगवून तो जमिनीला बांधून टाकतं.

कुंपण फुटतं ते ओढ्यांवर. पूर आला की वाहून आलेली लाकडं जाळीला अडतात आणि शंभर मीटर कुंपण एकदम आडवं होतं. त्यासाठी ओढ्यावर वरून टांगलेली, पाण्याने उघडणारी फाटकं लावतात आणि तेवढा तुकडा मुख्य कुंपणाला कच्चाच जोडतात, म्हणजे तुटला तर तोच तुटावा. अर्जात अशा ओलांडण्या मोजून लिहिल्या नाहीत तर अंदाजपत्रक हमखास कमी पडतं. देखभालीसाठी जाळीच्या कडेने गाडी जाईल असा पट्टा साफ ठेवावा लागतो. अनुदान उभारणीचं असतं, देखभालीचं सहसा नसतं, तेव्हा कोण किती किलोमीटर बघणार हे आधीच लिहून सह्या घेतलेल्या बऱ्या. आणि कुंपण पूर्ण झालं म्हणजे काम संपलं असं नाही. आत कोंडली गेलेली कुत्री असतात. एकच मादी-नराची जोडी राहिली तरी लाखो डॉलरची जाळी तिच्याच पिल्लांचं रक्षण करत बसते.

डोक्यामागे बक्षीस

दर काही वर्षांनी मागणी उठते: कुत्रं मारा, कातडीचा तुकडा आणा, १०० किंवा १२० डॉलर घ्या. लोकांना ते आवडतं कारण समजायला सोपं आहे. पण बक्षीस मिळवणारा जिथे कुत्री सहज सापडतात तिथे जातो, जिथे मेंढ्या मरतात तिथे नाही. सापळ्याला चकवणारी म्हातारी मादी त्याच्या वेळेला परवडत नाही. कातडी कुठल्या जिल्ह्यातून आली हेही नीट कळत नाही. मोजायला आकडा छान मिळतो, कोकरं मात्र तेवढीच मरतात. त्याच पैशात एक संयोजक ठेवणं कितीतरी बरं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

अर्ज कुठे घसरतो

अनुदान एकट्याला सहसा मिळत नाही. नोंदणी झालेला गट लागतो, नकाशा लागतो, आणि त्या नकाशावर किती टक्के जमीन सहभागी आहे ते लागतं. तपासणारा पहिली नजर नकाशातल्या भोकांवर टाकतो. मध्येच एक गुरंवाला ‘मला त्रास नाही’ म्हणून बाहेर राहिला असेल तर त्याच्या जमिनीचं काय करणार हे लिहिलेलं असावं. त्याच्याशी मेंढ्यांबद्दल बोलून उपयोग नसतो. गाभडलेल्या गाई आणि कत्तलखान्यात फेकलेली यकृतं यांबद्दल बोललं तर तो निदान ऐकतो. स्वतः आमिष टाकायचं नसेल, तर ‘गटाच्या माणसाला माझ्या जमिनीत येऊ देतो’ एवढं पत्र पुरतं. कायद्याचा बडगाही आहे, न्यू साउथ वेल्सच्या २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्यात प्रत्येकावर सामान्य कर्तव्य टाकलेलं आहे. पण नोटीस काढलेला शेजारी फाटक उघडतो, मनापासून काम करत नाही.

दुसरी घसरण तारखांची. ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. मंजुरी मार्चमध्ये आली तर एप्रिलच्या मोहिमेची तयारी होत नाही, आणि वसंतातली मोहीम पुढच्या वर्षात पडते. मग जूनअखेर पैसे ‘संपवण्यासाठी’ भर थंडीत आमिषं टाकली जातात. अर्जातच मोहिमांच्या तारखा लिहून दोन्ही हंगाम सामावणारी मुदत मागावी.

तिसरी घसरण मोजमापाची. किती आमिषं टाकली, किती कुत्री मेली, हे आकडे अहवालात भरायला सोपे. पण खरा आकडा कोकरांचा. गाभण मेंढ्यांच्या तपासणीत किती कोकरं दिसली आणि शेपटी कापून मोजणी करताना हाती किती लागली, यातला फरक. शंभर मेंढ्यांमागे १२० दिसली आणि ७० हाती आली तर ५० कुठे गेली? त्यात कोल्हे आहेत, थंडी आहे, म्हणून मोहिमेच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे जोडले तरच तुलनेला अर्थ येतो. ते आधी लिहून ठेवलेले नसतात, हीच पंचाईत. वाइल्डडॉगस्कॅन या मोफत ॲपवर पावलांचे ठसे, हल्ले, कॅमेऱ्यातली छायाचित्रं नोंदवता येतात. अनुदान मागायच्या वर्षभर आधीपासून नोंदी सुरू केलेल्या गटाचा अर्ज वेगळाच दिसतो.

आणि डिंगो?

सुरुवातीचा शब्द आता परत घेऊ. बरीच वर्षं असा समज होता की पूर्व ऑस्ट्रेलियातली बहुतेक रानकुत्री संकरित आहेत, शुद्ध डिंगो जवळजवळ संपला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात उलट दिसलं: संकर समजत होते त्याहून खूपच कमी, बहुतेक जनावरं डिंगोच. अनेक आदिवासी समूहांसाठी तर डिंगो हा नातलगासारखा प्राणी आहे. मग सरकारी पैसा उपद्रवी कुत्र्यावर खर्च होतोय की देशी प्राण्यावर? व्हिक्टोरियात डिंगो संकटग्रस्त यादीत आहे, आणि तरी खासगी जमिनीवर, तसंच लगतच्या सरकारी जंगलाच्या ३ किलोमीटर पट्ट्यात, त्याला मारण्याची सूट होती. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या वायव्य भागातली सूट काढून घेतली गेली, कारण तिथे डिंगोंची संख्या अगदी थोडी उरली होती. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात ती १ जानेवारी २०२८ पर्यंत ठेवली आहे.

वायव्येतल्या मेंढीपालकांपुढे आता बिनमारक उपाय आहेत: कुंपण, चमकणारे दिवे, आणि राखणीची कुत्री. मारेम्मा जातीचं पिल्लू आठ आठवड्यांचं असताना कोकरांबरोबर वाढवलं तर मोठेपणी तो कळपालाच आपलं घर समजतो. मात्र मारेम्मा आणि १०८० एका परिसरात नांदणं अवघड आहे. राखणीचा कुत्रा रात्री कळपाभोवती फिरताना हद्दीपलीकडे किलोमीटरभर सहज जातो, आणि पलीकडच्या आमिषाला हा कुत्रा कोणता हे कळत नाही. ज्या गटात दोन्ही पद्धती आहेत तिथे मारेम्माच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याचा वावर आधी महिनाभर नोंदवतात, तो नकाशा आमिषाच्या नकाशावर ठेवतात, आणि जिथे दोन्ही एकमेकांवर येतात त्या वाटा सापळेकाराकडे देतात. ७२ तासांची सूचना या शेजाऱ्याला पत्राने न देता फोनवर द्यायची, आणि त्याने कुत्रे बांधले असं त्याच्या तोंडून ऐकल्यावरच मांसाचं पहिलं टोपलं गाडीत चढवायचं.